घरी जुना ट्रॅक्टर आहे, आता चेनसॉ घेणार आहे. चेनसॉ किती मोठा घ्यावा, ट्रॅक्टरवर चालणारं लाकूड फोडायचं यंत्र घ्यावं का, आणि वादळात पडलेल्या झाडांचं वर्षभराचं सरपण स्वतः तयार करता येईल का?

येईल, आणि चांगलं येईल. चेनसॉ किती मोठा घ्यावा आणि ट्रॅक्टरवर चालणारं लाकूड फोडायचं यंत्र घ्यावं का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. दोन्हींची उत्तरं देतो. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण सगळं काम तिच्यावर ठरतं.

सरपणाच्या कामात कापायला आणि फोडायला वाटतो तेवढा वेळ लागत नाही. वेळ जातो आणि कंबर मोडते ती उचलाउचलीत. झाडापासून बाजूला ओढा, ट्रॉलीत भरा, ट्रॉलीतून उतरवा, कापायला न्या, फोडायला न्या, रचा, पुन्हा उचलून चुलीपर्यंत आणा. एकच लाकूड सात वेळा हातातून जातं. ओलं लाकूड घनमीटरला ढोबळमानाने टनभर भरतं. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचा, ३ मीटर लांबीचा ओंडका २०० किलोच्या आसपास, आणि ६० सेंटिमीटर जाडीच्या बुंध्याचा फक्त ३० सेंटिमीटरचा ठोकळा ८५ किलोचा. म्हणून यंत्र निवडण्याआधी जागा निवडा. कापायची, फोडायची आणि वाळवायची जागा शेजारी-शेजारी ठेवा, फोडलेली ढलपी हातातून थेट थप्पीवर जाईल अशी. ट्रॅक्टरचा खरा उपयोग इथे आहे. तो चेनसॉची जागा घेत नाही, तो तुमच्या पाठीची जागा घेतो.

आता पडलेल्या झाडांकडे येऊ. मला खरी काळजी इथेच वाटते, त्यामुळे इथे थोडा जास्त थांबतो.

आडवं झालेलं झाड बघून वाटतं की धोका संपला. उलट, वादळाने मोडलेलं झाड हे ताण धरून बसलेलं लाकूड असतं. बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबाखाली असते आणि खालची ताणाखाली. वरून कापत गेलात की काप मिटतो आणि चेनसॉचा बार, म्हणजे जिच्यावर साखळी फिरते ती लांब पट्टी, अडकून बसतो. अशा वेळी आधी वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि मग खालून वर येत तो काप पूर्ण करायचा. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल, तर हेच उलटं: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. वरून पुरतं कापत गेलं तर फांदी तुटण्याआधी उभी चिरत जाते, आणि ती चीर कापणाऱ्याच्या अंगावर येते. खालून कापताना साखळी यंत्राला तुमच्याकडे ढकलते, तेव्हा पाय घट्ट रोवलेले हवेत. खोड आडवं वाकून दोन झाडांच्या मध्ये अडकलं असेल, तर धनुष्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे दाबाच्या बाजूला उभं राहायचं. सुटलेलं खोड बाहेरच्या बाजूला झेपावतं.

सगळ्यात फसवं असतं ते मुळासकट उपटलेलं झाड. मुळांचा आणि मातीचा तो मोठा उभा गड्डा खोडाच्या वजनाने तोललेला असतो. खोड कापून वेगळं केलं की तो गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो, कधी क्षणात, कधी थोड्या वेळाने. खड्ड्यात किंवा त्याच्या काठावर कुणीही उभं राहू नये, आणि मुलांना तर त्या बाजूला फिरकूच देऊ नये. असं झाड, किंवा एकमेकांवर पडून गुंतलेली दोन-तीन झाडं, तुम्ही पहिल्याच महिन्यात कापायला घेऊ नका. ज्याने हे काम वर्षानुवर्षं केलंय त्याला बोलवा आणि बाजूला उभं राहून बघा. तुमची सुरुवात जमिनीवर मोकळ्या पडलेल्या फांद्यांपासून होऊ दे. उतार असेल तर ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. खालच्या अंगाला उभं राहायचं नाही, अगदी लहान ओंडका असला तरी.

ओंडके ओढून आणताना ट्रॅक्टरबद्दल एक नियम पक्का करून ठेवा: ओढायची साखळी ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागची ट्रॉली जोडायची पट्टी) किंवा त्याच उंचीला, म्हणजे मागच्या आसाच्या खाली लावायची. टॉप लिंकला (अवजार जोडायचा मागचा वरचा दांडा), आसाला किंवा सीटजवळ कुठेही लावायची नाही. वरून ओढलं आणि ओंडका कुठे मुळात अडकला, की चाकं थांबतात आणि ट्रॅक्टरच आसाभोवती फिरून मागे उलटायला लागतो. हे एक-दीड सेकंदात होतं. क्लच दाबायचं सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर उलटण्यापासून वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला आणि तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत जवळपास संपले. तुमचा ट्रॅक्टर जुना आहे म्हणता, तर त्यावर असा सांगाडा नसण्याची शक्यता बरीच आहे. तो बसवून घेता येत असेल तर चेनसॉच्या आधी त्यावर खर्च करा, आणि बसवल्यावर सीटबेल्ट लावा. बेल्टशिवाय माणूस फेकला जाऊन त्याच सांगाड्याखाली येऊ शकतो.

ओढताना ओंडक्याचं पुढचं टोक ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक लिफ्टने जमिनीपासून थोडं उचलून ठेवलं तर ओढायला जोर कमी लागतो. दुसराही फायदा आहे. मातीतून घासत आलेल्या सालीत वाळू भरते, आणि साखळीची धार घालवण्यात वाळूइतकं पटाईत काही नाही. कुंपणाजवळच्या झाडांत जुने खिळे आणि तार गिळलेली असते, ते बुंधे आधी नीट बघून घ्या. ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे ओझं उचलायचे हात, असतील तर मागे वजन बांधा, ओंडके जमिनीलगत ठेवूनच चाला, आणि ते उंच उचलू नका. उंच उचललेला गोल ओंडका लोडरच्या हातांवरून मागे घरंगळत चालकाकडे येतो.

आता चेनसॉ. सरपणासाठी ४५ ते ५० सीसीचं इंजिन आणि ४० सेंटिमीटरचा बार बहुतेकांना पुरतो. दोन्ही बाजूंनी कापलं तर बारच्या लांबीपेक्षा बराच जाड बुंधाही त्याने कापता येतो. मोठा बार घेतला की वजन वाढतं, थकवा वाढतो, धार लावायला दात वाढतात. कापायची जागा घराजवळ असेल तर विजेवरचा चेनसॉही विचारात घ्या. तो हलका, कमी आवाजाचा असतो, आणि पेट्रोलची भानगड नाही. पेट्रोलचा घेतलात तर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण त्याच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवा. बऱ्याच यंत्रांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, टू-स्ट्रोक ऑइल लागतं. साखळीचं ऑइल वेगळं. ते येतंय का हे बघायला बारचं टोक एखाद्या फिकट लाकडासमोर धरून इंजिन थोडं वाढवा. ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

यंत्राच्या ताकदीपेक्षा धार जास्त महत्त्वाची आहे. धार असलेली साखळी लाकडाचे कपचे बाहेर फेकते आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पीठ पडायला लागलं किंवा यंत्र दाबावं लागलं, की थांबा आणि कानस काढा. कानशीचा व्यास साखळीच्या मापाप्रमाणे ४, ४.८ किंवा ५.५ मिलिमीटर असा वेगवेगळा असतो, तो खोक्यावर किंवा पुस्तिकेत बघून घ्या. कोन बहुतेक ३० अंशांचा. प्रत्येक दाताला सारखेच हात मारा, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. दातापुढचा छोटा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा; दात घासून बुटके झाले की तोही थोडा उतरवावा लागतो. इंधनाची टाकी भरायला थांबता तेव्हाच चार हात कानशीचे मारायची सवय लावली, तर बोथट साखळी घेऊन झगडायची वेळ येत नाही.

पूर्ण वेगात साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळते. बारच्या टोकाचा वरचा अर्धा भाग कशालाही लागला तर यंत्र उसळून थेट चेहऱ्याकडे येतं. म्हणून टोकाने कापायचं नाही, खांद्याच्या वर न्यायचं नाही, डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून पूर्ण वळसा घालून धरायचा, आणि दोन पावलं चालायची असली तरी ब्रेक लावायचा. हेल्मेट, जाळी, कानावरचे मफ, पकड असलेले बूट आणि चेनसॉसाठी शिवलेली विजार हे सगळं यंत्रासोबतच घ्या. त्या विजारीत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन यंत्राच्या चाकात गुंततात आणि साखळी थांबते. साधी जाड पँट हे करू शकत नाही.

कापायच्या जागी ओंडका जमिनीवर ठेवून कापू नका. कमरेइतक्या उंचीचा घोडा, म्हणजे ओंडका टेकवायची चौकट, करा, किंवा चार उभे खांब रोवून त्यांच्यात बारीक ओंडके रचून, पट्ट्याने आवळून, सगळे एकदम कापा. बारीक लाकडासाठी ही दुसरी पद्धत मला सगळ्यात आवडते. वेळ प्रचंड वाचतो. तुकड्याची लांबी चुलीच्या किंवा शेगडीच्या तोंडापेक्षा पाचेक सेंटिमीटर कमी ठेवा. लाकूड फार आखूड कापायला मात्र कंटाळू नका, कारण ते बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी पटींनी वेगाने वाळतं.

फोडायच्या यंत्राचा हिशोब तुम्हीच करू शकता. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब समजा १८० बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) आहे आणि यंत्राच्या सिलिंडरचा व्यास १० सेंटिमीटर. क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर सुमारे १४ टन. घरच्या बहुतेक लाकडाला हा भरपूर झाला. पण जोराबरोबर वेगही बघा. ६० सेंटिमीटरचा दांडा पूर्ण बाहेर यायला पावणेपाच लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला ४० लिटर देत असेल तर सात सेकंद, जुन्या ट्रॅक्टरचा पंप २० लिटरचा असेल तर चौदा. म्हणजे जाड सिलिंडर घेतला तर जोर वाढेल आणि तुम्ही उभे राहून वाट बघाल. म्हणून आधी आपल्या ट्रॅक्टरचा पंप बघा, मग यंत्र. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजारं चालवायला फिरणाऱ्या दांड्यावर, चालणारं स्वतःच्या पंपाचं यंत्र जास्त वेगवान असतं, पण मग फिरणारा शाफ्ट आला. मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. सैल बाही, ओढणी, मोकळे केस यातलं काही गुंतलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण शाबूत नसेल तर काम सुरूच करू नका. शंकूच्या आकाराचा, स्क्रूसारखा फिरत लाकडात घुसणारा फाळ स्वस्त मिळतो. तो घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. तो हातमोजा पकडतो आणि सोडत नाही.

फोडायच्या यंत्रावर जो लाकूड ठेवतो त्यानेच यंत्र चालवायचा हाताचा दांडा ओढायचा. एकाने ठेवायचं आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, यात बोटं जातात. पाइपमधून तेल गळतंय का ते बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून बघा. सुईएवढ्या भोकातून त्या दाबाने आलेलं तेल कातडीत घुसतं, आणि जखम बारीक दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागते.

पण पहिल्या वर्षी यंत्र विकत घ्यायची घाई करू नका. बरंच लाकूड ओलं असतानाच सहज फुटतं. तीन किलोची फोडायची जड कुऱ्हाड, दोन पाचरी, एक घण, आणि ठोकळ्याभोवती ठेवायला एक जुना टायर, म्हणजे ढलप्या इकडेतिकडे उडत नाहीत. बेचक्याचे आणि गाठींचे ठोकळे बाजूला काढत जा. ते साठले की एखाद्या दिवसासाठी यंत्र भाड्याने आणा. भाडं जमा होत होत यंत्राच्या किमतीच्या जवळ जायला लागलं, तर विकत घ्यायचं बघता येईल.

वाळवण्याबद्दल थोडक्यात. थप्पी जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर उंच, घराच्या भिंतीपासून लांब, वारा आरपार जाईल अशी रचा. झाकण फक्त वरून, बाजू उघड्या. लाकूड आणि हवामान यांप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षं लागतात. म्हणजे या वर्षी कापलेलं पुढच्या वर्षासाठी धरा. ओलं लाकूड जाळलं तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, घरात धूर होतो आणि धुराड्यात डांबरासारखा काळा थर चढतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. एखादी ढलपी फोडून तिच्या आतल्या ताज्या बाजूला ते लावा, बाहेरून लावलं तर आकडा फसवा येतो. २० टक्क्यांच्या खाली आला की ती थप्पी वापरायला घ्या.