लडाखमध्ये स्थानिक माणसांचे कँडिड फोटो कसे काढावेत? ७०-३०० लेन्स घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टअखेरीस लेह आणि आसपासच्या गावांत जाताय, कॅमेरा दिसला की माणसं ताठ होतात, म्हणून लांबून टिपायला ७०-३०० एमएमची झूम लेन्स घ्यायचा विचार आहे.

नका घेऊ. रस्त्यापलीकडून ३०० एमएमने टिपलेल्या माणसाची नजर तिसरीकडेच कुठेतरी असते. शिवाय लेहच्या मेन बाजारात फुटपाथवर भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना ती लांबलचक लेन्स लगेच दिसते आणि ओढणी तोंडावर येते. सीझनभर त्यांच्यावर हेच चाललेलं असतं. कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) असेल तर ५० एमएम किंवा ३५, क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) असेल तर ३५ किंवा २३, एवढी एकच लेन्स पुरते. परवानगी आधी घ्यायची आणि कँडिड नंतर मिळवायचा, हाच क्रम मला पटतो.

लेह ३,५०० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस तसंही धावपळ करायची नसते. ते दिवस बाजारात कॅमेऱ्याविना बसण्यात घालवा. 'जुले' हा एकच शब्द नमस्कार, आभार आणि निरोप तिन्हीला चालतो. हाक मारायची रीत आपल्यासारखीच आहे: आजीला 'आबी-ले', आजोबांना 'मेमे-ले', मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाला 'आचो-ले', ताईला 'आचे-ले'. शेवटचा 'ले' म्हणजे आपला 'जी', तो गाळू नका. पावशेर सुके जर्दाळू घ्या, दोन शब्द बोला, मग कॅमेरा दाखवून विचारा. नाही म्हटलं तर विषय संपला.

हो म्हटलं की पहिले चार-पाच फोटो ताठच येणार. ते मनापासून काढा, कारण त्या आजींना हवा असलेला फोटो तोच असतो. स्क्रीनवर दाखवा. बहुतेक लोक इथेच उठतात आणि इथेच चुकतात. तुम्ही बसून राहा. कॅमेरा मांडीवर किंवा छातीशी, स्क्रीन वर उघडलेली, डोळ्यांवर फोकस लॉक, शटर सायलेंट. दहा-पंधरा मिनिटांत खांदे सैल पडतात आणि हात आपसूक कामाला लागतात: पालेभाजीची जुडी बांधणं, सुटे पैसे मोजणं. गिऱ्हाईक घासाघीस करून वळलं की त्याच्या पाठीमागे जो चेहरा होतो, तो मला हसऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. तिथे एकच फ्रेम घ्या. बर्स्टची, म्हणजे एकापाठोपाठ धडाधड फोटोंची, फडफड सुरू झाली की पुन्हा ताठ.

आता उजेड. या उंचीवर सकाळी नऊनंतरचं ऊन टोपीखालचे डोळे काळे करून टाकतं. तेव्हा माणूस भिंतीच्या सावलीत असेल असंच बघा, आणि समोर ऊन पडलेली मोकळी जमीन असेल तर उत्तमच, तिचा उजेड खालून चेहऱ्यावर येतो. मागे चुन्याचा पांढरा स्तूप किंवा आकाश आलं की कॅमेरा फसतो आणि चेहरा कोळसा होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१.३ करा, किंवा सरळ दोन पावलं सरकून मागे मातीची भिंत घ्या. दुसरा उपाय कधीही चांगला. अरुंद दऱ्यांमध्ये सूर्य डोंगराआड लवकर जातो, पण आभाळाचा मऊ उजेड बराच वेळ टिकतो. पोर्ट्रेटसाठी याहून चांगली वेळ नाही. फक्त तो उजेड निळसर असतो. व्हाइट बॅलन्स (रंगछटा सुधारणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता ६,५०० ते ७,५०० केल्विन ठेवा, नाहीतर गव्हाळ चेहरे आजारी दिसतात.

अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडण्याचा मोह आवरा. ५० एमएमने एक मीटरवरून एफ/१.८ ला मागेपुढे मिळून जेमतेम चार सेंटीमीटर जागा शार्प येते. मान जरा वळली की एक डोळा गेला. सुरकुतलेल्या चेहऱ्याला एफ/४ द्या. हात चालू असतील तर शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको.

घरात चहाला बोलावलं तर स्वयंपाकघरात बहुधा एखाददुसरीच खिडकी असते. तुम्ही खिडकीलगतच्या भिंतीला टेका, म्हणजे खिडकीकडे बघणारा चेहरा तुमच्याकडेही वळलेला राहतो. एफ/२.८, १/१००, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० पासून सुरू करा. एलईडी बल्ब असेल तर सायलेंट शटरने आडवे पट्टे येतात, मेकॅनिकल शटर वापरा आणि १/१०० किंवा १/५० वरच राहा. थंडीत गेलात तर बाहेरून आत येताच लेन्सवर बाष्प धरतं. आतल्या खिशातला कोमट मोबाइल तेव्हा भारी कॅमेऱ्यापेक्षा कामाचा.

तुमच्या दिवसांत सातूची कापणी सुरू असेल. मळणीजवळ लेन्स बदलू नका, तूस थेट सेन्सरवर बसतं.

गोम्पात (बौद्ध मठात) फ्लॅश नाही, पूजेसमोर उभं राहणं नाही. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारूनच, आणि चॉकलेटचं आमिष नको. जवान, चेकपोस्ट, पूल यांच्याकडे लेन्स फिरवूच नका. रस्त्याच्या कामावर दिसणारे मजूर बरेचदा झारखंडच्या दुमका भागातले असतात, त्यांच्या फोटोखाली 'लडाखी चेहरा' लिहून हसं करून घेऊ नका.

पैसे देण्यापेक्षा फोटोच द्या. इन्स्टॅक्स मिनी या झटपट प्रिंट देणाऱ्या कॅमेऱ्याच्या एका पॅकमध्ये दहा फिल्म येतात. पाच अंशांखाली त्यांचे रंग बिघडतात, म्हणून फोटो बाहेर आला की आतल्या खिशात ऊब द्या, मगच हातात ठेवा. नंतर पोस्टाने प्रिंट पाठवणार असाल तर पत्त्यात घराचं नावही लिहून घ्या. तिथे घरांना स्वतःची नावं असतात, आणि नुसतं 'स्तानझिन' लिहिलंत तर त्या गावात चार-पाच तरी निघतील.