दोन ठिपक्यांचा प्रश्न

प्रश्न : मुलीने वैद्यकीय प्रवेश परीक्षा दोनदा दिली, गुण थोडक्यात हुकले. तिसऱ्यांदा बसवायचं आम्ही ठरवलंय. पण आजोबांच्या अँजिओप्लास्टीची सीडी पाहिल्यापासून ‘स्टेंट दिसत नाही, नुसते दोन ठिपके दिसतात, असं का?’ हेच तिच्या डोक्यात. शरीरात बसवायच्या वस्तू स्कॅनमध्ये नीट दिसाव्यात, यावर काम करायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, यंत्रं सुधारली की सगळं आपोआप दिसेल. आधी डॉक्टर हो, हे तिला तुम्हीच समजवा. ता.क. हल्ली तिला रात्र-रात्र झोप लागत नाही. – एक आई

उत्तर : तुम्ही ता.क. म्हणून जे लिहिलंत, माझ्यासाठी पत्र तिथून सुरू झालं. गुणांची मला काळजी नाही, त्या ओळीची आहे. दोन वर्षं एकाच परीक्षेला जुंपलेली मुलगी रात्र-रात्र जागते आणि घरात चर्चा चालते तिसऱ्या प्रयत्नाची! आधी तिला डॉक्टरांना दाखवा. तिसरा प्रयत्न तर मुळीच नको, निदान ती स्वतःहून मागत नाही तोवर.

तिला समजावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ते ठिपके स्टेंटचे नव्हेतच. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, ज्या फुग्यावर चढवतात, त्याच्या आतल्या बारीक नळीवर बहुधा प्लॅटिनम-इरिडियमची दोन कडी बसवलेली असतात, ती तिला दिसली. त्यांच्याच आधारे डॉक्टर स्टेंट नेमक्या जागी आणतात. ही कडी कुठे, किती जाडीची, कशाची, हे ठरवण्यात मोठा हात असतो तो धातू आणि प्लास्टिक ओळखणाऱ्या इंजिनिअरचा. त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही.

आता तिच्या बाबांचं म्हणणं. हा गैरसमज बऱ्याच शिकलेल्या लोकांचाही असतो. एक्स-रे किती अडेल हे वस्तूतल्या अणूंवर ठरतं. साधं प्लास्टिक कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचं, म्हणजे जवळपास मांसासारखंच. मग ते मांसात हरवतं. दंडात बसवायची गर्भनिरोधक कांडी घ्या : 4 सेंटीमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड. आधीची कांडी एक्स-रेत दिसत नसे. जागेवरून सरकली की शोधणं अवघड. नंतर तिच्यात एक्स-रे अडवणारं 15 मिलिग्रॅम बेरियम सल्फेट घातलं आणि ती दिसू लागली. यंत्र तेच, वस्तू बदलली. पण बेरियम वाढवत गेलं की प्लास्टिक कडक, ठिसूळ होतं. एमआरआयची तऱ्हा आणखी वेगळी : तिथे स्टीलभोवती काळा डाग पडून शेजारचंच झाकलं जातं, टायटॅनियमने तो त्रास कमी होतो. सोनोग्राफीत गुळगुळीत सुई तिरकी गेली की ध्वनी भलतीकडे परततो, म्हणून तिच्यावर बारीक खळगे पाडतात. दर ठिकाणी नवं कोडं, आणि ते सोडवायला पदार्थ कळावा लागतो.

मटेरियल सायन्स, पॉलिमर, धातुशास्त्र, बायोमेडिकल इंजिनिअरिंग : यांपैकी काहीही चालेल. अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, गणित राहिलं असेल तर आधी ते. माझा कौल मटेरियल सायन्सला. बायोमेडिकलच्या काही अभ्यासक्रमांत सगळ्याचं थोडंथोडं शिकवतात आणि पदार्थाची पकड येत नाही. प्रवेशाआधी विषयांची यादी तिने स्वतः वाचावी.

तिसऱ्या वर्षाची क्लासची फी भरली असेल, तर या आठवड्यातच परत मागा. आणि ठिपक्यांचं उत्तर आज रात्री तिला वाचून दाखवा.