७४ स्थळं, दुसरी भेट मात्र पाचच जणींची

"मॅडम, ७४ स्थळं झाली. अजून बघायची, का आहेत त्यातलंच एक ठरवायचं?" सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातले आईवडील मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा ३१ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं सोलापुरात यायचं, रविवारी तीन घरचे पोहे खायचे, रात्री परत. सोबत एक्सेलचा तक्ता: उंची, पगार, शिक्षण, पत्रिकेचे गुण.

त्याची भिस्त गणितातल्या ३७ टक्क्यांच्या नियमावर होती. पर्याय एकेक करून येतात, सोडलेला परत मिळत नाही, तेव्हा पहिले ३७ टक्के नुसते पाहायचे. पुढे त्या सगळ्यांहून सरस जो पहिला भेटेल तो निवडायचा. नियम खरा आहे. पण त्यात एकूण पर्याय आधीच ठाऊक असतात, समोरून नकार येत नाही आणि पाहताक्षणी डावं-उजवं ठरवता येतं. एवढं जुळूनही सर्वोत्तम हाती लागण्याची शक्यता साधारण ३७ टक्केच.

स्थळांच्या बाबतीत सगळ्यात आधी मोडतं ते हे डावं-उजवं. दोन्हीकडची मोठी माणसं समोर बसलेली, वेळ २० मिनिटं; स्वभाव कळणार कसा? मग जे मोजता येतं त्याचंच वजन वाढतं. एका रविवारी तिघी पाहिल्या की बुधवारी कोण काय बोललं याची सरमिसळ होते. पहिली दहा-बारा स्थळं उपयोगाचीच असतात, आपल्याला काय चालणार नाही हे त्यांतून उमगतं. त्यानंतर वाढवायची ती भेटीची वेळ.

त्याच्याकडून तीनच अटी लिहून घेतल्या. चौथी सुचली तर आधीची एक खोडायची. एका वेळी दोनच स्थळं. घरी जाण्याआधी अर्धा तास फोन. पटलं तर आठ दिवसांत दोघांचीच भेट, किमान दीड तास. कर्ज किती, घरी किती पैसे द्यावे लागतात, गाव कोण सोडणार, राग आल्यावर काय करता, हे विचारायचं आणि स्वतःचंही सांगायचं. त्याच रात्री पाच ओळी लिहून ठेवायच्या. नकार दोन दिवसांत कळवायचा. मुलीकडच्यांना महिनाभर ताटकळत ठेवणं रूढ असलं तरी क्रूर आहे.

पहिल्याच दीड तासात एकीनं स्पष्ट सांगितलं, सोलापुरातली नोकरी सोडणार नाही. साखरपुड्यानंतर हे कळलं असतं तर दोन्ही घरं पोळली असती. दुसरीशी तिसरी भेट ठरली आहे. आईकडे बायोडाटा येतच आहेत. या दुसरीबद्दलचा निर्णय होईपर्यंत त्यातला एकही मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवणार नाही, एवढं त्यांनी कबूल केलं आहे.