प्रोग्राम ‘मूळ’ म्हणतो, तरी ६४१ ने भाग जातो

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या तुमच्या प्रोग्रामने मूळ ठरवली आणि मित्र ती संयुक्त आहे म्हणतो. चूक कोणाची, असं विचारलंत. मित्र बरोबर आहे. तुमच्या कोडमध्येही चूक नाही, पण कसोटीसाठी २ हा पाया (ज्याचा घात काढायचा ती संख्या) घेतलात तिथे फसलात.

या संख्येला ‘क’ म्हणू. क = २^३२ + १. तुम्ही २ चा (क − १) वा घात काढून त्याला क ने भागलंत आणि बाकी १ आली म्हणून क मूळ मानली. आता बघा, क ने भागताना २^३२ ची बाकी −१ (म्हणजे नि:शेष भाग जायला १ कमी), म्हणून २^६४ ची बाकी १. क − १ म्हणजे खुद्द २^३२, तो ६४ च्या पटीत आहेच. म्हणजे बाकी १ येणं आधीच ठरलेलं. क मूळ आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पाया ३ घ्या, बाकी १ येत नाही.

गंमत अशी की ही कसोटी ज्या प्रमेयावर उभी आहे (संख्या मूळ असेल तर, तिने भाग न जाणाऱ्या पायाच्या एकने कमी घाताची बाकी १ येते) ते गणितज्ञ फर्माचं, १६४० चं. आणि या साच्यातल्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६, ३२... वा घात अधिक १ अशा, सगळ्या संख्या (३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि पुढे ही) मूळ असाव्यात, असंही त्यालाच वाटत होतं. ६४१ हा अवयव सापडला तो गणितज्ञ ऑयलरला, १७३२ मध्ये.

पडताळा कागदावर होतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात करा: ५^४ × २^२८ ची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४ चालेल. मग −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग. मला तरी हे भागाकारापेक्षा सुंदर वाटतं.

अवयव शोधायला ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासायची गरज नाही. क चा प्रत्येक मूळ अवयव १२८ ने भागल्यावर १ बाकी देतो. अशी पहिली मूळ संख्या २५७. तिने क ला भागलं तर बाकी २. दुसरीच ६४१! दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही मूळ.

मिलर-राबिन कसोटी (याच कसोटीचं जास्त कडक रूप) वापरलीत तरी नुसत्या २ या पायावर ही संख्या मूळ म्हणून निसटते. २, ७ आणि ६१ हे तीन पाये घ्या. ४,७५,९१,२३,१४१ च्या खालच्या सगळ्या संख्यांसाठी तेवढे पुरतात.