डोपामाइनला संप्रेरक म्हणावे का?

डोपामाइन आणि सेरोटोनिन यांना लेखांमधून सर्रास ‘आनंदी संप्रेरके’ म्हटले जाते, ते बरोबर आहे का आणि न्यूरोट्रान्समीटरसाठी (एका चेतापेशीकडून, म्हणजे मज्जापेशीकडून, पुढच्या पेशीकडे संदेश नेणाऱ्या रसायनासाठी) मराठीत वेगळा शब्द आहे का, असे विचारले आहे. मेंदूतील कार्याविषयी लिहिताना ‘संप्रेरक’ हा शब्द टाळावा आणि ‘चेतापारेषक’ वापरावा, असे माझे मत आहे. (‘आनंदी’ हे विशेषण तर कुठेच नको.)

संप्रेरक हा शब्द हॉर्मोनसाठी रुळलेला असून, ग्रंथीतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवापर्यंत जाणे त्यात गृहीत आहे. चेतापेशींमधील व्यवहार मात्र अगदी जवळचा असतो. एका पेशीचे टोक आणि पुढची पेशी यांच्यात साधारण २० ते ४० नॅनोमीटरची फट असते. विद्युत आवेग टोकाशी पोहोचला की कॅल्शियमचे आयन आत शिरतात, त्यामुळे रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीपटलाशी एकरूप होऊन फटीत रिकाम्या होतात आणि ते रसायन पलीकडच्या पटलावरील ग्राहींना (ते रसायन ओळखणाऱ्या रेणूंना) जाऊन चिकटते. ते ग्लुटामेट नावाचे चेतापारेषक असेल तर पुढची पेशी सहसा उद्दीपित होते, गॅबा हे असेल तर सहसा तिला आवर बसतो. त्यानंतर फट मोकळी व्हावी लागते: ॲसिटिलकोलीन या चेतापारेषकाचे विकरामुळे (एन्झाइममुळे) तिथल्या तिथे विघटन होते, तर सेरोटोनिन ज्या पेशीतून सुटले तीच ते पुन्हा शोषून घेते. नैराश्यावरील अनेक औषधे हे पुनर्शोषणच अडवतात.

‘रासायनिक संदेशवाहक’ हे वर्णन सोपे आहे खरे, परंतु ते संप्रेरकांनाही तितकेच लागू पडत असल्याने संज्ञा म्हणून अपुरे ठरते. वीजपारेषणामुळे ‘पारेषण’ ओळखीचे आहेच, त्यामुळे ‘चेतापारेषक’ उमगायला जड जाऊ नये.

तरीही रेणूचे नाव पाहून शब्द ठरवता येत नाही. १९२१ मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता (हृदयाकडे जाणारी मज्जा) उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला देताच तेही मंदावले; तो पदार्थ, म्हणजे ॲसिटिलकोलीन, निर्विवाद चेतापारेषक आहे. नॉरॲड्रेनलिन मात्र दोन्हीकडचे: ॲड्रिनल ग्रंथीतून रक्तात उतरले तर संप्रेरक, चेतापेशीतून फटीत सुटले तर चेतापारेषक. खुद्द डोपामाइनही हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून रक्तावाटे पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीत जाऊन प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा स्राव रोखते, आणि त्या संदर्भात त्याला संप्रेरक म्हणण्यात काहीच चूक नाही.