चोडणच्या कांदळवनात होडीने जाण्यापूर्वी

गोव्यातल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला असलेल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात तुम्ही प्रथमच जात असाल, तर घड्याळाआधी भरतीचे वेळापत्रक पाहावे. जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे हे कांदळवन मांडवी नदीच्या पाण्यावर जगते आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटे उशिरा येते. त्यामुळे मागच्या आठवड्यात कोणा मित्राला सोयीची ठरलेली वेळ तुमच्या उपयोगाची नसते. पहिल्या खेपेस मी ओहोटी लागल्यावर गेलो आणि आमची होडी अरुंद खाडीत चिखलाला टेकून बराच वेळ अडकली. अर्थात, त्या सक्तीच्या मुक्कामातच निवट्या नावाचे मासे चिखलावर उड्या मारताना आणि एकच नांगी अवाढव्य असलेले खेकडे ती हलवताना हातभर अंतरावरून पाहता आले, हेही खरे.

होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून, पाणी चढत असताना आत शिरावे आणि उतरू लागताच बाहेर पडावे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. रायबंदरहून सकाळी लवकरची फेरीबोट पकडावी, कारण ऊन चढल्यावर पक्षी सावलीला जातात. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. खंड्या दिसताच हर्षाने ओरडणारा सोबती मात्र घरीच ठेवलेला बरा. होडीतून झाडांची श्वसनमुळे धरून ओढू नयेत आणि मगरी असल्याने हात पाण्यात सोडू नये.