स्फोटानंतर ग्रुपवर काय टाकायचं?

प्रश्न : शिरपूरजवळ वाघाडीला 31 ऑगस्ट 2019 रोजी केमिकल कारखान्यात स्फोट झाला होता. तसं पुन्हा कुठे घडलं तर आमच्या मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवरून नेमकी काय मदत करावी?
– वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : आधी 112 आणि 108, ग्रुप नंतर. मेसेजची मुदत मेसेजमध्येच लिहा. मूळ मेसेज 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात आणि गरज संपल्यावरही नातेवाइकाचा फोन वाजत राहतो. नमुना असा :

‘14 मे, दुपारी 3.20. सिव्हिलमध्ये रुग्णांच्या 40 नातेवाइकांना रात्रीचं जेवण हवं. कपडे नकोत. संपर्क एकच : (नाव, नंबर). रात्री 8 नंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.’

गरजा तासातासाला बदलत असतील तर गूगल शीट करून तिची लिंक फिरवा. बदल करण्याचा अधिकार दोघातिघांनाच, बाकीच्यांना फक्त वाचण्याचा. रुग्णांचे नंबर त्यात नकोत, भाजलेल्यांचे फोटो तर कुठेच नकोत.

रक्ताचं आवाहन रक्तपेढीला विचारूनच करा. पहिल्याच दिवशी सगळं गाव रक्त देऊन आलं तर पुरुषांना पुढचे तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने पुन्हा देता येत नाही. भाजलेल्यांच्या त्वचारोपणाच्या शस्त्रक्रिया मात्र पुढच्या काही आठवड्यांत होतात आणि त्यात रक्त लागतं. म्हणून इच्छुकांची रक्तगटवार यादी करा (वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5) आणि रक्तपेढी मागेल तसे पाच-पाच जण पाठवा.

बेपत्तांच्या यादीत नुसतं नाव-आडनाव पुरत नाही. एकाच पाड्यावर कितीतरी जणांचं आडनाव ‘पावरा’ असतं. वडिलांचं नाव, पाडा, ठेकेदार आणि शेवटचं कुठे पाहिलं, हेही हवं. सातपुड्यातल्या घरांसाठी लांबलचक मजकुरापेक्षा पावरी बोलीत बोललेला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज कामाचा. मृत्यूची बातमी मात्र पोलीस किंवा रुग्णालयाने सांगितल्याशिवाय टाकू नका.

पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. क्यूआर कोडच्या फोटोत भामटे सर्रास स्वतःचा कोड घुसवतात, म्हणून खातेदाराचं नाव मेसेजमध्ये लिहा. देणाऱ्याने स्क्रीनवर तेच नाव दिसलं तरच पैसे पाठवावेत. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन.

प्रश्न : अपघातात सापडलेल्या कामगाराबद्दल ठेकेदार म्हणतो, ‘हा माणूस माझ्याकडे नव्हताच.’ त्यासाठी मोबाइलचा काही उपयोग?
– वाचक, चोपडा

उत्तर : खूप. पुरावा बहुतेक वेळा सोबत्यांच्या फोनमध्येच असतो : ‘उद्या सात वाजता गेटवर या’ असा मुकादमाचा मेसेज, पगाराची यूपीआय नोंद, हजेरी कार्डाचा फोटो, कामाच्या कपड्यातली सेल्फी. शिफ्टच्या ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करायला सांगा. आधीचे मेसेज त्याने टिकतीलच असं नाही, म्हणून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून प्रत ई-मेलवर ठेवा. मुकादम ग्रुपमधून काढून टाकायच्या आत हे झालेलं बरं.

फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळ, ठिकाणाची माहिती गळून जाते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

कारखान्यात कामाला नसलेले शेजारचे गावकरी जखमी झाले असतील आणि अपघात घातक रसायनाचा असेल, तर त्यांचा रस्ता वेगळा. सार्वजनिक दायित्व विमा कायदा, 1991 खाली त्यांना कारखान्याची चूक सिद्ध न करताही मदत मागता येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपघातापासून पाच वर्षांच्या आत. ही मुदत गावच्या ग्रुपवर पिन करा, आणि पिन 30 दिवसांनी निघते म्हणून दर महिन्याला पुन्हा लावा.